एक सहल नको, चौदा रविवार हवेत

प्रश्न असा आहे: सोलापुरातल्या एका माध्यमिक शाळेला आठवी-नववीच्या मुलांसाठी निसर्ग उपक्रम सुरू करायचा आहे. मुलं चिडचिडी झाली आहेत, रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर असतात, काही जण वर्गात तोंडच उघडत नाहीत. निसर्गात नेल्यानं खरंच फरक पडतो का? पडत असेल तर किती दिवस न्यावं लागेल? आणि जंगल नसलेल्या सोलापुरात न्यायचं तरी कुठे?

फरक पडतो. मात्र वर्षातून एकदा दोन बस भरून काढलेल्या सहलीनं तो पडत नाही. सहलीला मुलं मजा करतात, सोमवारी सगळं पूर्ववत होतं. परिणाम हवा असेल तर तीच मुलं, तीच मोठी माणसं आणि तीच जागा, आठवड्यातून एकदा, किमान तीन महिने असं काहीतरी लागतं. जागा किती सुंदर आहे याचा वाटा त्यात कमी, पुन्हा पुन्हा जाण्याचा जास्त. सोलापूरसाठी ही चांगलीच बातमी आहे.

आधी हे का घडतं ते थोडक्यात. अभ्यास, परीक्षा, मोबाइल या सगळ्यांत लक्ष ओढूनताणून एका जागी धरावं लागतं आणि ते थकतं. पाण्यावर उतरणारं बदक किंवा वाऱ्यात हलणारं गवत पाहताना लक्ष आपोआप जातं, जोर लावावा लागत नाही, तेवढा वेळ थकलेल्या भागाला विसावा मिळतो. दुसरं, मनात तेच तेच विचार घोळत राहण्याचं प्रमाण उतरतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 2015 च्या एका छोट्या अभ्यासात 90 मिनिटं झाडझाडोऱ्यातून चाललेल्या लोकांमध्ये हे दिसलं, रहदारीच्या रस्त्याकडेनं तेवढाच वेळ चाललेल्यांमध्ये नाही. तिसरं कारण अगदी साधं आहे: सकाळचं ऊन डोळ्यांवर पडलं की शरीराचं घड्याळ जागेवर येतं आणि रात्री झोप लवकर लागते. पौगंडावस्थेतल्या मुलांच्या चिडचिडीमागे बऱ्याचदा अपुरी झोपच असते. चौथं म्हणजे सोबत. मार्क, कपडे, मोबाइलचं मॉडेल यांवरून जिथे किंमत ठरत नाही अशा जागी लहानशा गटात राहणं. माझ्या मते शेवटच्या दोन गोष्टींचा वाटा पहिल्या दोघींपेक्षा मोठा आहे, जरी लेखांमध्ये मेंदूबद्दलच जास्त लिहिलं जातं.

‘आठवड्याला 120 मिनिटं’ हा आकडा तुम्ही कुठेतरी वाचला असेल. तो 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या सुमारे 20 हजार प्रौढांच्या पाहणीतून आला. आठवड्यात दोन तास किंवा जास्त निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. पण निसर्गामुळे ते बरे होते की बरे होते म्हणून बाहेर पडत होते, हे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. शिवाय ती प्रौढांची, थंड आणि हिरव्या देशातली माहिती. तेव्हा दोन-अडीच तासांचं सत्र ठरवायला हा आकडा आधार म्हणून घ्या, पालकसभेत औषधाच्या मात्रेसारखा सांगू नका. पालकांना पटेल असा पुरावा डोळ्यांबाबत आहे. चीनमधल्या ग्वांगझू इथे 12 प्राथमिक शाळांत प्रयोग झाला. निम्म्या शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या 30.4 टक्के मुलांना मायोपिया, म्हणजे दूरचं अंधुक दिसण्याचा दोष, आला होता, इतर शाळांत 39.5 टक्के. मुलं लहान होती हे खरं, पण बाहेरचा उजेड ही चैन नाही हे यावरून सांगता येतं.

आता जागा. सह्याद्री नाही म्हणून हळहळण्याचं कारण नाही. शहरातच धर्मवीर संभाजी तलाव आहे, ज्याला जुनी माणसं कंबर तलाव म्हणतात. हिवाळ्यात तिथे वारकरी, हळदीकुंकू बदक, टिबुकली, जांभळी पाणकोंबडी हे पाणपक्षी आरामात दिसतात आणि दुर्बीण नसली तरी भागतं. विजापूर रस्त्यावर वन विभागाचा सिद्धेश्वर वनविहार आहे. तुळजापूर रस्त्याला हिप्परग्याचा तलाव. नान्नजचं माळढोक अभयारण्य बार्शी रस्त्यावर, पण दर रविवारची जागा म्हणून ते घेऊ नका. लांब पडतं, वन विभागाची परवानगी लागते. शेवटच्या टप्प्यात एकदा जा, काळवीट, खोकड, चंडोल, भोवत्या बघा. माळढोक दिसेल असं मुलांना चुकूनही सांगू नका. तो आता इतका दुर्मीळ झाला आहे की ते आश्वासन मोडणारच.

नेहमीची जागा निवडताना चार गोष्टी तपासा: शाळेपासून वाहनानं 20 मिनिटांच्या आत, जवळ स्वच्छतागृह, एका मोठ्या माणसाला उभं राहून सगळी मुलं दिसतील इतकी मोकळी, आणि मोबाइलला रेंज. गावाबाहेरचा बाभळी-हिवरांचा पडीक माळही चालतो, मालकाची लेखी संमती असेल तर. कचरा डेपो किंवा मांसविक्रीच्या जागेजवळचा माळ टाळा, तिथे कुत्र्यांच्या टोळ्या असतात.

स्वच्छतागृहाचा मुद्दा मी मुद्दाम वर घेतला. मुली तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गळायला लागल्या की ‘मुलींना आवड नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. खरं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं: जायला जागा नाही, म्हणून त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत, मग डोकं दुखतं. पाळीच्या दिवसांत तर येतच नाहीत. पक्कं स्वच्छतागृह नसेल तर बांबू आणि जाड कापडाचा आडोसा, पाण्याची कॅन, साबण, सॅनिटरी पॅड आणि झाकणाची बादली एवढं हवंच. सोबत एक बाई हवी आणि हे सगळं कुठे आहे ते तिनं पहिल्याच दिवशी मुलींना सांगून टाकायचं, कुणी विचारायची वाट बघायची नाही.

हंगाम ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. सप्टेंबरात काळ्या मातीचा चिखल चपलेला किलोकिलोनं चिकटतो आणि दुपारनंतर विजा होतात. मार्चच्या मध्यानंतर सोलापूरच्या उन्हाशी कुणी वाद घालू नये. दिवाळीचा रविवार आणि संक्रांतीच्या आसपासचा गड्ड्याच्या जत्रेचा रविवार सोडून द्या, त्या दिवशी कुणी येत नाही आणि यावं असंही नाही. बाकी 14 रविवार सहज मिळतात.

गट 16 मुलांचा, दोन प्रमुख आणि एक मदतनीस. 16 च्या पुढे गेलं की मोठी माणसं शिस्त सांभाळण्यातच अडकतात आणि अबोल मूल मागे मागे सरकत दिसेनासं होतं. 40 मुलांची नावं आली तर दोन-तीन गट करा, एकच मोठा गट नको. आणि ‘प्रॉब्लेम’ मुलांचाच वेगळा गट तर कधीच करू नका. एक म्हणजे शिक्का बसतो. दुसरं म्हणजे त्रासदायक वागणारी मुलं एकत्र ठेवली की एकमेकांच्या वागण्याला हसून दाद देतात आणि ते वागणं वाढतं. 16 मध्ये अशी चार मुलं, बाकी नेहमीची, हे प्रमाण झेपतं.

सत्राचा आराखडा असा धरा. सात वाजता जमणं, हजेरी, पाण्याच्या बाटल्या तपासणं. मग 20 मिनिटं चालणं. मग बैठक, म्हणजे आपापल्या जागी शांत बसून पाहणं. त्यानंतर पाऊण तास हाताचं काम, मग खाणं, शेवटी गोलात बसून बोलणं, साडेनऊला परत. मोबाइल सुरुवातीलाच एका पिशवीत, मोठ्या माणसांचेही. एकच फोन चालू राहील, तो प्रमुखाकडे आणि फक्त अडचणीसाठी. फोटो काढायचे असतील तर महिन्यातून एक दिवस ठरवा. दर आठवड्याला कुणीतरी कॅमेरा रोखून उभं राहिलं की मुलं त्या कॅमेऱ्यासाठी वागायला लागतात.

बैठक हा सगळ्या उपक्रमाचा कणा आहे आणि बिघडतो तोही इथेच. प्रत्येक मुलानं स्वतःची एक जागा निवडायची, दुसऱ्यापासून 15-20 पावलांवर, मोठ्यांच्या नजरेच्या टप्प्यात, आणि दर रविवारी तिथेच बसायचं. बसायला पोत्याचा तुकडा द्या. नाहीतर कुसळं टोचतात, मुंग्या चावतात आणि सगळं लक्ष तिकडेच. पहिल्या दिवशी चार मिनिटं पुरे. दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवत 15 ते 20 पर्यंत न्या. पहिले दोन-तीन रविवार खिदळणं, खडे मारणं चालणार, ते नैसर्गिक आहे, रागावू नका. साधारण चौथ्या-पाचव्या खेपेला शांतता येते, कारण तोवर पाहण्यासारखं काहीतरी बदललेलं असतं: सुगरणीचं घरटं सुटलेलं, तलावाची कड दोन पावलं आत सरकलेली, गवत पिवळं पडलेलं. म्हणून तर जागा बदलायची नाही.

डोळे मिटायला सांगू नका. घरात मारहाण किंवा एखादा मोठा धक्का सोसलेल्या मुलाला डोळे मिटून एकटं बसणं भीतीदायक वाटू शकतं. ज्याला एकटं नको त्याला जोडीनं बसू द्या. आणि बैठकीनंतर ‘तुला काय वाटलं?’ हा प्रश्न टाळा. 13 वर्षांच्या मुलाला चारचौघांत त्याचं उत्तर देता येत नाही, मग ते ‘छान वाटलं’ म्हणून मोकळं होतं आणि पुढच्या वेळी तेच पाठ करून येतं. ‘मागच्या रविवारपेक्षा काय वेगळं दिसलं?’ असं विचारा. उत्तर बाहेरच्या गोष्टीचं असतं, त्यामुळे द्यायला सोपं. मनातलं यायचं असेल तर त्याच्या मागून येतं, तेही बहुतेक वेळा गोलात नाही, परतीच्या वाटेवर.

हाताचं काम खरं हवं. कागदी तुकड्यांचे खेळ मुलांना लगेच ओळखू येतात. तलावाच्या काठी खुणेचा दगड ठेवून पाणी दर आठवड्याला किती पावलं मागे गेलं ते मोजणं, प्रत्येक जोडीनं एका बाभळीची वही ठेवणं, उतारावर गुडघ्याएवढे दगडी बांध घालणं, पक्ष्यांची मोजणी. घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारी मुलं तुमच्या शाळेत असणारच. त्या झाडाला घरी काय म्हणतात ते आजीला विचारून यायला सांगा आणि वहीत सगळी नावं लिहा. जबाबदाऱ्या फिरत्या ठेवा: वाट दाखवणारा, वेळ पाहणारा, पाणी तपासणारा आणि सगळ्यांत मागे चालून डोकी मोजणारा. शेवटचं काम अबोल मुलाला आधी द्या. बोलावं लागत नाही, पण त्यानं ‘सोळा’ म्हटल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. स्पर्धा, गुण, बक्षिसं ठेवलीत तर शाळाच बाहेर नेल्यासारखं होईल.

वृक्षारोपणाबद्दल थोडं सविस्तर, कारण पाहुणे, बॅनर आणि 100 रोपं हा मोह प्रत्येक संस्थेला होतो. दोन हरकती आहेत. नैसर्गिक माळरानावर झाडं लावू नयेत. गवताळ माळ ही उजाड जमीन नसून काळवीट, लांडगा, चंडोल, माळटिटवी यांचं घर आहे आणि झाडांनी ते बिघडतं. दुसरी हरकत मुलांच्या बाजूनं: ज्याला नाव दिलं ते रोप मे महिन्यात वाळलेलं बघणं. ‘आपण काही केलं तरी उपयोग नसतो’ हेच मूल त्यातून शिकतं आणि आपल्याला नेमकं त्याच्या उलट हवं होतं. लावायचीच तर शाळेच्या आवारात लावा, 16 मुलांत चार रोपं, कडुनिंब किंवा करंज, पावसाळ्याच्या सुरुवातीला, दीड-दोन फूट खोल-रुंद खड्ड्यात शेणखत मिसळून, बुंध्याभोवती पाल्याचं चार बोटं जाड आच्छादन आणि शेळ्यांपासून काटेरी कुंपण. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा प्रत्येकी 10 लिटर पाणी. सुट्टीत ते कोण घालणार त्याचं नाव ठरल्याशिवाय खड्डा खणू नका.

खाणं घरचंच बरं: कडक भाकरी, शेंगाचटणी, गूळ-शेंगदाणे. बिस्किटांचे पुडे आणले की कचरा होतो आणि कुणाचा पुडा महाग ही तुलना सुरू होते. सगळं एका फडक्यावर काढून वाटून खा. ज्याच्या घरून काही आलं नाही त्याचंही त्यात निभावून जातं. जानेवारीत एखाद्या पालकाच्या रानात हुरडा जमला तर सत्राचा तो भाग तिकडेच.

सुरक्षिततेत कसर नको. प्रत्येकी दोन लिटर पाणी आणि गटाला 20 लिटरचा जार जादा. बंद बूट नसलेल्या मुलांसाठी दोन-तीन मापांचे जोड गोळा करून ठेवा, कारण गोखरू चपलेच्या आरपार जातं. कुंपणावरच्या खाजकुइलीच्या शेंगा आणि गाजरगवत ओळखायला पहिल्याच दिवशी शिकवा. दगडाखाली, बिळात हात घालायचा नाही. इथे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं चारही आहेत. दंश झाला तर मुलाला चालू देऊ नका, तो अवयव फळकुट बांधून स्थिर ठेवा, करकचून आवळू नका, चिरू नका, चोखू नका, 108 ला फोन लावा आणि वाहन हाताशी असेल तर थेट सिव्हिलला. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुऊन त्याच दिवशी लस. आग्या मोहोळ असलेल्या झाडाखाली थांबू नका. माश्या उठल्याच तर तोंड झाकून सरळ पळायचं, पाण्यात उडी मारायची नाही. वीज दिसून 30 सेकंदांत गडगडाट ऐकू आला तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. उन्हानं चक्कर आली तर सावली, पाय उंच, अंगावर ओलं फडकं, आणि एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ असं घोट घोट. मूल असंबद्ध बोलायला लागलं किंवा बेशुद्ध झालं तर तोंडात काही घालू नका. तो उष्माघात समजा, अंगावर भरपूर पाणी ओतत, वारा घालत दवाखाना गाठा.

मुलं मोकळी झाली की कधीतरी कुणीतरी अवघड गोष्ट सांगणार: घरातलं दारूचं भांडण, कुणी केलेला नको तसा स्पर्श, जगावंसं न वाटणं. याची तयारी पहिल्या रविवारच्या आधी हवी. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, तुला सुरक्षित ठेवायला लागेल तेवढ्याच माणसांना मी सांगेन’ असं म्हणा. खोदून विचारू नका. लैंगिक अत्याचार कळला तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेची अब्रू हा तिथे मुद्दाच नाही. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील तर मुलाला एकटं सोडू नका, ज्या पालकावर मुलाचा विश्वास आहे त्याला त्याच दिवशी बोलवा आणि सिव्हिलच्या मनोविकार विभागात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, बालकांसाठी 1098. निसर्ग उपक्रम उपचाराला जोड देऊ शकतो, उपचाराची जागा घेऊ शकत नाही. औषध चालू असलेल्या मुलाचं औषध ‘आता बरा वाटतोय’ म्हणून बंद करण्याचा सल्ला देणारा स्वयंसेवक गटात नसावा.

फरक पडला की नाही हे कसं कळणार? जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली आहे, डब्ल्यूएचओ-5. मागच्या दोन आठवड्यांत मन किती प्रसन्न, शांत, उत्साही होतं, झोपेतून उठताना ताजंतवानं वाटलं का, दिवस आवडीच्या गोष्टींनी भरलेले होते का, एवढंच त्यात आहे. प्रत्येक उत्तराला 0 ते 5, बेरजेला चारनं गुणलं की 100 पैकी गुण. ती उपक्रमाआधी, शेवटी आणि दोन महिन्यांनी भरून घ्या, त्याच इयत्तेतल्या न आलेल्या मुलांकडूनही. नाहीतर परीक्षा संपल्यामुळे आलेला आनंद तुम्ही आपल्या खात्यावर जमा कराल. 50 किंवा त्याखाली गुण आलेल्या मुलाशी समुपदेशकानं स्वतंत्र बोलावं, म्हणून कागद निनावी ठेवू नका, क्रमांक द्या आणि क्रमांकांची यादी फक्त समुपदेशकाकडे ठेवा. 16 मुलांच्या सरासरीवरून मोठे दावे करू नका. हजेरी जास्त खरं सांगते: दहाव्या रविवारी 12 पेक्षा कमी मुलं येत असतील तर काहीतरी बिघडलंय. गळलेल्या मुलांच्या घरी जा. बऱ्याचदा कारण मनाचं नसतं. आईनं घरी वळलेल्या विड्यांचा हिशेब द्यायला तिला मदत, धाकट्या भावंडाला सांभाळणं, रिक्षाचे पैसे. त्यातलं शाळेला सोडवता येण्यासारखं बरंच असतं.

‘अभ्यास बुडेल’ म्हणणाऱ्या पालकांना पहिल्याच सभेत वेळापत्रक दाखवा: साडेनऊला मूल घरी यायला निघालेलं असतं, उरलेला रविवार पूर्ण त्याचा. मार्क वाढतील असं मात्र सांगू नका. जे आपल्या हातात नाही त्याचं वचन दिलं की पहिल्या घटक चाचणीनंतर नावं कमी होतात.

शेवटचे दोन रविवार समारोपासाठी राखा. ज्या मुलांना घरी कुणी ऐकणारं नसतं त्यांना उपक्रम अचानक थांबला की सोडून दिल्यासारखं वाटतं. बाराव्या रविवारीच तारीख सांगा, प्रत्येकाची वही त्यालाच द्या आणि पुढच्या ऑक्टोबरात नव्या गटाला जागा दाखवायला यातली कोणती चार मुलं येतील ते विचारून घ्या. मधल्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा शाळेच्याच आवारात, सकाळी साडेसहा ते साडेसात, रोपांना पाणी घालायला सगळ्यांनी यायचं, एवढं ठेवलंत तरी गट तुटत नाही.